आत काय करतात

"पेशंट कोण होणार?" इंगवले मॅडमनी विचारलं आणि नेहमीसारखी आईच उठली.

वर्गात हसू पसरलं. आमच्या कम्युनिटी कॉलेजात प्रॅक्टिससाठी प्लॅस्टिकचा एक माणूस होता. सगळ्या मुली त्याला 'पावणं' म्हणायच्या. पावण्यांचा खांदा निखळून कपाटात पडला होता, त्यामुळे अंग पुसायला जिवंत माणूस लागायचा. आणि सगळ्यांसमोर त्या लोखंडी कॉटवर आडवं व्हायला एकही मुलगी तयार नसायची. आईनं चपला काढल्या, कॉटवर चढून पदर नीट केला आणि डोळे मिटून घेतले.

"नर्स कोण? भाग्यश्री, तू ये."

मी कोमट पाण्याची दोन भांडी स्टुलावर मांडली. "पेशंट शुद्धीवर आहे की बेशुद्ध?" मी मॅडमना विचारलं.

"बेशुद्ध," डोळे न उघडता आई म्हणाली.

"अगं निलाक्का, बेशुद्ध पेशंट बोलतोय होय!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. मॅडमही हसल्या.

मी डोळ्यांपासून सुरुवात केली. नाकाकडून कानाकडे, एका डोळ्याला एक बोळा. मग कपाळ, गाल, कानामागची जागा, मान. हात उचलून खाली टॉवेल सरकवला आणि बोटं एकेक करून पुसली.

"हिचा हात बघा गं," मॅडम मुलींना म्हणाल्या. "घाई नाही, थरथर नाही. असा हात पाहिजे."

थरथरण्यासारखं मला काही वाटतच नव्हतं. समोर एक हात होता आणि तो पुसायचा होता. तो आईचा आहे हे मला माहीत होतं, तेवढंच.

"मॅडम," आईनं मध्येच विचारलं, "बेशुद्ध माणसाशी बोलायचं असतं का?"

"बोलायचं. आता हात पुसते, आता कुशीवर वळवते, जे करतोय ते सांगायचं."

"त्याला ऐकायला येतंय?"

"येतं की नाही ते कुणी सांगावं? म्हणून तर सांगत राहायचं."

आईनं दुसरा हात माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "भागू, मग सांग की."

"आता हात पुसते," मी म्हणाले.

त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील, आप्पा, गेले होते. इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एका सकाळी मागाशेजारीच ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यांना आयसीयूत ठेवलं. आयसीयूला दुधी काचेचं दार होतं आणि दाराबाहेर एक लाकडी बाक. त्या बाकावर आम्ही दोघी बसून राहिलो. संध्याकाळी पाच वाजता एकाला आत सोडायचे, तेही कॉटच्या पायाशी क्षणभर उभं राहण्यापुरतं. मग एका पहाटे दार उघडलं, वॉर्डबॉय बाहेर आला आणि त्यानं विचारलं, "बुगड कोण?"

मी रडले नाही. नातेवाईक बायका माझ्याकडे बघत राहिल्या. "पोरगीला रडवा कुणीतरी, छातीत धरून बसंल," असं काकू म्हणायची. माझ्या छातीत काही नव्हतं. मला झोप लागायची, भूक लागायची, शेजारच्या कारखान्यातले माग चालू झाले की त्या खडखडाटात मी बारावीचा अभ्यास करायचे. पासही झाले. निकालाच्या दिवशी आईनं पेढा हातावर ठेवला, तो मी खाल्ला. गोड होता.

"उद्यापासनं दोघींनी कॉलेजला जायचं," त्याच दिवशी आई म्हणाली.

"कुठल्या कॉलेजला?"

"नर्सचं शिकवतात तिथं. सातवी पास चालतंय. मी विचारून आलेय."

काकांना ते पटलं नाही. "वहिनी, भागूला घाला, चांगलंच हाय ते. पर तुमी या वयात पोरींबरोबर बाकावर बसणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला पण शिकायचंय," आई म्हणाली. त्याहून जास्त तिनं काही सांगितलं नाही. काकांना वाटलं, घर चालवायला करते आहे. मला वाटलं, मला एकटं सोडायला नको म्हणून येते आहे. मी विचारलं नाही.

आईचं लेखीचं फार अवघड होतं. घरी ती मागासाठी कांड्यांवर सूत भरायची, ती चाक फिरवत असताना मी तिच्याकडून हाडांची नावं म्हणून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती विसरलेली असायची. नाडी मोजताना आकडे चुकायची. पण प्रात्यक्षिकात तिच्यासारखं कोणी नव्हतं. तिचे प्रश्न संपत नसत. रात्री दिवे बंद करतात का? बोलता न येणाऱ्या माणसाला तहान लागली तर कळतं कसं? पेशंटचे हात बांधतात का?

"कधीकधी बांधावे लागतात," मॅडम म्हणाल्या. "नाकातली नळी ओढू नये म्हणून. मऊ पट्टीनं बांधायचे, आणि पट्टीखाली आपलं बोट सहज गेलं पाहिजे इतके सैल."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आईनं स्वतःच्या मनगटाला पट्टी बांधली आणि खाली बोट घालून बघत बसली.

दिवाळीनंतर आम्हाला हॉस्पिटलात पाठवायला सुरुवात झाली. हॉस्पिटल तेच. मुलींना बाळंतपणाचा वॉर्ड हवा असायचा, आयसीयू कोणालाच नको असायचं. आईनं आमची दोघींची बाळंतपणाची पाळी देऊन टाकली आणि बदल्यात आयसीयू मागून घेतलं.

"आई, तिथं?" मी म्हणाले.

"तिथंच."

"बरं," मी म्हणाले.

आयसीयूच्या इनचार्ज थोरवत सिस्टर म्हणून होत्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला बजावलं, "इथे पळायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

दुधी काचेचं ते दार मी पहिल्यांदाच आतल्या बाजूनं पाहिलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या सावल्या काचेवर दिसायच्या. कोणी उठलं की सावली मोठी व्हायची, बसलं की लहान.

आप्पांची कॉट कोपऱ्यातली होती. तिच्यावर आता दुसरंच कोणी झोपलेलं होतं. आई तिथे पायाशी जाऊन उभी राहिली, मग डोक्याशी गेली, तिथून वर छताकडे बघितलं. नंतर तिनं तिथल्या पेशंटच्या अंगावरची चादर सारखी केली आणि कामाला लागली.

दोन-तीन दिवस गेल्यावर सिस्टर चहा पीत असताना आई त्यांच्यापाशी गेली. मी कापसाचे बोळे करत होते.

"सिस्टर, मागच्या साली हितं महादेव बुगड म्हणून पेशंट होते. मेंदूत रक्त झालेलं. त्या कोपऱ्यात."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "तुमचे कोण?"

"आमचे मालक. पहाटेचे गेले. तवा त्यांच्याजवळ कोण होतं, ते इचारायचं होतं."

सिस्टर बराच वेळ आठवत राहिल्या. खरंच आठवत होत्या, उगाच नाही. शेवटी म्हणाल्या, "नाही हो निलाक्का. माणसं इतकी येतात. पहाटे सगळ्या कॉटना मिळून आम्ही दोघीच असतो. असेल कोणीतरी जवळ. नसेलही. मला नाही आठवत."

"बरं," आई म्हणाली. कप उचलून तिनं धुऊन ठेवला.

शिरोळकडचे अण्णासो मगदूम त्याच आठवड्यात आले. पासष्टीच्या घरातला शेतकरी माणूस, भरघोस पांढऱ्या मिशा. शेतात शेंगा काढताना पडले ते शुद्धीवर आलेच नव्हते. घशात नळी, श्वास मशीनवर. बाहेर बाकावर त्यांची बायको असायची, मालुताई. बरोबर आलेला दीर औषधं आणायला, जेवायला जायचा, ती मात्र हलायची नाही. आम्ही आत-बाहेर करताना ती उभी राहायची आणि आम्ही काही बोलत नाही असं दिसलं की परत बसायची.

मगदूमांचं सगळं आई करायची. मी शेजारच्या कॉटवर होते. आदल्याच दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेली एक बाई तिथे होती.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर राउंडला आले, मगदूमांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि सिस्टरांना हळूच म्हणाले, "काही तासांचंच आहे आता. संध्याकाळी भेटायच्या वेळेला घरच्यांना सांगतो." आई तिथेच उभी होती.

दुपारी जेवणाच्या सुमाराला मॉनिटरवरचे आकडे उतरायला लागले. सिस्टरांनी औषध वाढवलं. थोडा वेळ आकडे थांबले, परत उतरले.

"सिस्टर, त्यांच्या बाईला बोलवू?" आई म्हणाली.

"पाचला भेटायची वेळ आहे."

"पाचपर्यंत न्हाई राहणार ते."

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" सिस्टर चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "गेल्या महिन्यात असंच एकाच्या मुलाला आत घेतलं. त्यानं वडिलांची नळी ओढून काढली, उठा म्हणून गदागदा हलवलं. इथे बाकीचीही माणसं आहेत, निलाक्का. ही कालची ऑपरेशनची बाई आहे. थांबा, डॉक्टरांना विचारते."

आज मी स्वतः सांगलीत एका आयसीयूची इनचार्ज आहे, म्हणून सांगते, सिस्टर चुकीचं काही बोलत नव्हत्या.

त्यांनी फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. निरोप आत पाठवतो, थांबा, असं पलीकडून कोणीतरी म्हणालं. सिस्टर फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. आई मॉनिटरकडे बघत होती. मग तिनं मगदूमांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं आणि दाराकडे चालायला लागली.

"निलाक्का!" सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. "भाग्यश्री, आईला धर."

माझ्या हातात बेसिन होतं. ते मी खाली ठेवलं आणि आईच्या मागे गेले. सिस्टरांना वाटलं असणार, धरायलाच जाते आहे. मलाही तसंच वाटत होतं. आईनं दार उघडलं. मालुताई उभी राहिली, तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"या," आई म्हणाली. "आत या."

मालुताई अनवाणी होती. टाचा भेगाळलेल्या, भेगांत शेतातली काळी माती तशीच. मी खुंटीवरचा गाऊन काढून तिच्या खांद्यांवर घातला. मग खाली बसून कापडी पिशव्यांसारखे असतात ते पायमोजे तिच्या पायांत चढवले, एक आणि मग दुसरा. हे मी का केलं, तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

कॉटपाशी गेल्यावर मालुताई घुटमळली. एवढ्या नळ्या, एवढ्या वायरी, हात कुठे लावायचा तेच तिला कळेना.

"हितं धरा," आईनं तिचा हात घेऊन मगदूमांच्या डाव्या हातावर ठेवला. "ह्या हाताला काय न्हाई लावलेलं. आणि बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"घरचं. काय बी."

मालुताई त्यांच्या कानाशी वाकली. "अवो," ती म्हणाली, "शेंगा निघाल्या सगळ्या. भावजींनी माणसं लावली. थोरली आलीया सासरनं, बारकी उद्या येतीया. ओढ्याकडच्या तुकड्यात जरा कमी पडल्या शेंगा, पर वरच्या वावरात बक्कळ हायत्या..."

ती बोलत राहिली. मी मॉनिटरकडे बघत होते. ती वरच्या वावराबद्दल सांगत असतानाच आकडे शून्यावर आले. मशीन चालू होतं म्हणून छाती हलत होती आणि त्यामुळे तिला कळलं नाही. आईनं तिला थांबवलं नाही. मॉनिटर वाजायला लागला तेव्हा मात्र मालुताईनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

मग तिनं जो हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. तिनं स्वतःला कॉटवर झोकून दिलं, सलाइनचा स्टँड आडवा झाला, औषधाची काचेची बाटली फुटली. ऑपरेशनची बाई दचकून उठायला गेली आणि वेदनेनं किंचाळली. मी धावत जाऊन तिला खांद्यांना धरून मागे झोपवलं, पोटावरची पट्टी बघितली. पट्टी लाल झाली होती. सिस्टर फोन टाकून धावल्या. डॉक्टर हिरव्या कपड्यांतच आत आले.

"हिला आत कोणी घेतलं?"

"मी," आई म्हणाली.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या खाली वाकून काचा गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी इंगवले मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मॅडमचे डोळे सुजलेले दिसत होते. "हॉस्पिटल ऐकायला तयार नाही, निलाक्का. तुम्हाला ठेवलं तर बाकीच्या मुलींनाही आत घेणार नाही म्हणतात. मी खूप सांगून बघितलं."

"त्यांचं बरोबर हाय," आई म्हणाली. "ती शेजारची बाई बरी हाय नव्हं?"

"दोन टाके परत घालावे लागले. बरी आहे."

आईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "भागूचं काय?"

"भाग्यश्रीचं नाव कोणी घेतलेलं नाही. थोरवत सिस्टर म्हणाल्या, ती ऑपरेशनच्या पेशंटला सांभाळत होती."

"मग तिला शिकवा तेवढं," असं म्हणून आई उठली. दारात तिनं वाकून मॅडमना नमस्कार केला. मॅडम तिच्याहून लहान होत्या, त्या गडबडून मागे सरकल्या.

आई परत कांड्या भरायला बसली. मी एकटी कॉलेजला जायला लागले. घरी आल्यावर ती विचारायची, आज काय शिकवलं, आणि मी सांगायचे. त्या दुपारबद्दल आम्ही बोललो नाही. माझं ठीक चाललं होतं. भूक लागत होती, झोप लागत होती.

सुतक फिटल्यावर एका रविवारी मालुताई आमच्या घरी आली. पत्ता विचारत विचारत आली होती. पिशवीत भाजलेल्या शेंगा आणि गुळाची ढेप. आईनं तिला सतरंजी टाकली. मी आत चहा ठेवला. स्वयंपाकघर आणि बाहेरचा सोपा यांच्यामध्ये नुसता पडदा होता, सगळं ऐकू यायचं.

"तुमचं शिक्षान गेलं म्हनं माज्यामुळं," मालुताई म्हणाली. "मला कुणीतरी सांगितलं. मला राहवंना. मी वरडायला नको हुतं वो. पर ऐकंना जीव."

"तुमच्यामुळं न्हाई गेलं. आणि मला कुठं परीक्षा पास व्हायची होती?"

"मग कशापायी जात हुता?"

कांडीचं चाक आईनं उगाच एकदा फिरवल्याचा आवाज आला.

"आमचे मालक तिथंच गेले. त्याच खोलीत. आम्ही मायलेकी बाहेर बाकावर, तुम्ही बसत होता तिथंच. आत काय करतात ते कुणी सांगितलं न्हाई. मग रात्री डोळं मिटलं की काय काय दिसायचं. हात बांधलेत, पाणी मागायलेत, कोण बघंना झालंय. हाका मारायलेत आणि ह्या दारातनं ऐकायला येईना झालंय. तवा म्हटलं, आत जाऊनच बघू."

मालुताईनं पदरानं तोंड पुसलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आमच्यांचं काय करत हुता वो आत? मी यायच्या आदी? त्या दिशी सकाळी?"

"सांगते," आई म्हणाली. "सकाळी आधी तोंड पुसलं. गरम पाण्यानं, गार न्हाई वापरत. डोळं पुसलं, ओठाला ग्लिसरीन लावलं, सुकत्यात म्हणून. मग पाठ. दोघीजणी मिळून कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, जरा चोळायची. वळवल्यावर कान दुमडला न्हाई नव्हं ते बघायचं. दर थोड्या वेळानं कूस बदलायची. मी मिशा पण विंचरल्या त्यांच्या."

"मिशांचा लई नाद," मालुताई म्हणाली आणि नाक ओढलं.

"अगदी एकटं असं न्हाई ठेवत कुणाला. कोण ना कोण येतंय, बघतंय, अंगावरचं सारखं करतंय. आता वळवते, आता हात उचलते, असं सांगून करतात. रात्री पण दिवा असतोय. आमच्या मालकांचं पण केलं असणार कुणीतरी हे सगळं. नाव ठावं न्हाई. पर केलंच असणार. मी बघून आलेय."

मी गॅस बंद केला. कप मांडलेले होते, चहा गाळायचा होता, पण हात पुढे जाईना. पडदा सारून मी बाहेर आले आणि आईजवळ सतरंजीवर बसले. ओठाला ग्लिसरीन लावलं असेल, एवढंच मनात होतं. आप्पांच्या ओठाला. ते आतून कुठून आलं कोण जाणे, पण आलं तसं थांबेना, मला श्वास घेता येईना, नाकातोंडातून आवाज यायला लागला, लहान मुलासारखा.

मालुताईला वाटलं, मी तिच्यासाठीच रडते आहे. ती सरकत माझ्याजवळ आली आणि तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "नगं बाळ, नगं," ती म्हणत राहिली. "त्यांचं वय झालं हुतं. नगं एवढं लावून घेऊ."

आईनं तिला काही सांगितलं नाही. उठून आत गेली आणि चहा गाळायला लागली.